एका जंगलातले दोन सुतार: आयव्हरीबिल बुडाला, पायलिएटेड तरला

अमेरिकेच्या आग्नेय भागात नदीकाठच्या पाणथळ जंगलांत एके काळी दोन मोठे काळे सुतार पक्षी शेजारी-शेजारी राहत. एक आयव्हरी-बिल्ड वुडपेकर, म्हणजे हस्तिदंती चोचीचा. दुसरा पायलिएटेड वुडपेकर, म्हणजे टोपीवाला. पायलिएटेडची संख्या आज सुमारे २६ लाख धरली जाते. १९६६ पासून चालू असलेल्या पक्षीगणनेत ती वाढतच आलेली दिसते, आणि आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या लाल यादीत (कोणत्या जातीला किती धोका आहे ते सांगणाऱ्या) तो ‘किमान चिंता’ या गटात आहे. आयव्हरीबिल अमेरिकेत सर्वांना मान्य होईल असा शेवटचा दिसला तो एप्रिल १९४४ मध्ये. लाल यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’ आहे, म्हणजे कागदावर अजून जिवंत.

कुठलीही जात नाहीशी झाली की तिच्यामागे कारणांची लांबलचक यादी उरते, आणि त्यातलं नेमकं कोणतं कारण भोवलं हे ठरवायला हाताशी काही नसतं. इथे मात्र तेच झाड, तोच पूर, तीच कुऱ्हाड सोसून तगलेला दुसरा पक्षी तुलनेसाठी आहे. म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडण्यासारखं आहे. पण पायलिएटेड या प्रकरणात दोनदा येतो. आधी तो तुलनेचा आधार असतो. पुढे, आयव्हरीबिल जिवंत आहे का या चौकशीत, सगळ्यात मोठा घोळ तोच घालतो.

ओळखीचा कागद

पुढचं सगळं भांडण ओळखीवरून असल्यामुळे आधी अंगावरच्या खुणा पाहू.

आयव्हरीबिलची लांबी साधारण ४८ ते ५१ सेंटिमीटर, वजन ४५० ते ५७० ग्रॅम. पायलिएटेड ४० ते ४९ सेंटिमीटर, वजन २५० ते ३५० ग्रॅम. लांबीचे आकडे एकमेकांना भिडतात, वजनाचे भिडत नाहीत. पण दुर्बिणीतून वजन दिसत नाही, त्यामुळे ‘मोठा वाटला’ या शब्दांना नोंदीत किंमत नाही.

चोच आयव्हरीबिलची फिकट हस्तिदंती, बुंध्याशी रुंद. पायलिएटेडची काळपट राखाडी. उन्हाच्या तिरिपीत काळपट चोचही पांढरी चमकते, एवढं लक्षात ठेवावं. तुरा पायलिएटेडच्या नर-मादी दोघांचाही लाल असतो, मादीचं कपाळ मात्र काळसर. आयव्हरीबिलचा नर लाल तुऱ्याचा आणि मादीचा तुरा पूर्ण काळा, पुढे वळलेला. काळ्या तुऱ्याचा एवढा मोठा सुतार दाखवणारं एक स्वच्छ छायाचित्र मिळालं, तर पायलिएटेडचा प्रश्नच निकालात निघेल.

खरी खूण पंखांवर आहे. आयव्हरीबिलच्या पंखाची मागची कडा पांढरी असते, वरूनही आणि खालूनही. त्यामुळे पक्षी खोडावर पंख मिटून बसला की कमरेवर पांढरी ढाल बांधल्यासारखी दिसते. पायलिएटेड बसला की पाठ सबंध काळी. पंखाच्या खालच्या बाजूने पाहिलं तर पायलिएटेडचा पुढचा, अस्तराचा भाग पांढरा आणि मागची कडा काळी. आयव्हरीबिलचं अस्तरही पांढरं आणि मागची कडाही पांढरी, मधून एक काळा पट्टा गेलेला. म्हणजे ‘उडताना पंखांत खूप पांढरं दिसलं’ ही नोंद दोन्ही पक्ष्यांना लागू पडते. पांढरं वरच्या अंगाला होतं की खालच्या, पुढच्या कडेला की मागच्या, हे सांगता आलं नाही तर ती नोंद निरुपयोगी. भरीला, रंगद्रव्य कमी पडल्यामुळे पंखांत जास्तीचं पांढरं असलेले पायलिएटेडही अधूनमधून सापडतात.

आवाजात फरक जास्त आहे. पायलिएटेड खोडावर लांब ताशा वाजवतो, जो शेवटाला विरत जातो. आयव्हरीबिल दोनच ठोके मारायचा: एक जोरात आणि त्याला लागूनच दुसरा हलका. त्याची हाक जत्रेतल्या पत्र्याच्या पिपाणीसारखी.

नात्याचा भाग थोडा चकवणारा आहे. दोघे एकाच सुतारकुळातले, पण सख्खे नव्हेत. आयव्हरीबिल कॅम्पेफिलस या जीनसमधला, म्हणजे जवळच्या जातींच्या गटातला. पायलिएटेड ड्रायोकोपसमधला, आणि काही याद्या त्याला हायलाटोमस म्हणतात. डीएनएच्या अभ्यासातून दिसलं की कॅम्पेफिलसचे जवळचे भाऊबंद आशियातल्या क्रायसोकोलाप्टिसमध्ये आहेत, म्हणजे सह्याद्रीत दिसणाऱ्या मोठ्या सोनेरी पाठीच्या फ्लेमबॅकच्या घराण्यात. उलट गोव्याच्या आणि दक्षिण कोकणाच्या रानात दिसणारा मोठा काळा व्हाइट-बेलीड वुडपेकर हा ड्रायोकोपस, म्हणजे पायलिएटेडच्या बाजूचा. रंगावरून नातं लावणाऱ्याने हे नेमकं उलट लावलं असतं. दोन लांबच्या नातेवाइकांचा पोशाख इतका सारखा का, यावर एक तर्क असा आहे की लहान पक्षी दांडग्या शेजाऱ्यासारखा दिसला तर बाकीचे पक्षी त्याच्या वाटेला जात नाहीत.

सिंगर कंपनीचं रान

महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांत पायाने चालवायच्या शिलाई मशीनवर सोनेरी अक्षरांत सिंगर हे नाव असायचं. त्याच कंपनीने मशीनच्या लाकडी पेट्यांसाठी लाकूड हवं म्हणून लुइझियाना राज्याच्या ईशान्येला, टेन्सास नदीच्या काठी, मोठं जंगल विकत घेऊन ठेवलं होतं. क्षेत्र सुमारे ८१,००० एकर. स्वीटगम, ओक, अॅश अशा रुंद पानांच्या झाडांचं, दरवर्षी पुराखाली जाणारं हे रान ‘सिंगर ट्रॅक्ट’ म्हणून ओळखलं जाई. आजूबाजूची जंगलं तुटत गेली, हे मात्र बराच काळ शाबूत राहिलं.

आयव्हरीबिल संपला असं मानलं जात असतानाच १९३२ मध्ये मेसन स्पेन्सर या स्थानिक वकील-आमदाराने परवाना काढून या जंगलात एक पक्षी मारला आणि पुरावा म्हणून दाखवला. पक्षी शिल्लक आहे हे सिद्ध करायला पक्षी मारायचा, असा तो काळ. १९३५ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाचे आर्थर अॅलन आणि त्यांचे सहकारी ध्वनिमुद्रणाचं अवजड यंत्र घेऊन तिथे पोचले. ट्रक चिखलात जाईना, तेव्हा यंत्र खेचरांच्या गाडीवर चढवलं. आयव्हरीबिलच्या आवाजाचं तेव्हाचं मुद्रण आजही शोधमोहिमांत तुलनेसाठी वापरतात.

त्या चमूतल्या जेम्स टॅनर या विद्यार्थ्याने १९३७ ते १९३९ अशी तीन वर्षं फक्त या पक्ष्यामागे घालवली. जुन्या फोर्ड गाडीतून, घोड्यावरून, होडीतून आणि पायी मिळून त्याने सुमारे ४५,००० मैल पालथे घातले. त्याचा अहवाल १९४२ मध्ये छापून आला, आणि आपल्या तुलनेचे सगळे पक्के आकडे त्यातलेच आहेत.

टॅनरच्या मते साऱ्या अमेरिकेत तेव्हा २२ ते २४ आयव्हरीबिल उरले होते. सर्वोत्तम जंगलातही एका जोडीला सुमारे ६ चौरस मैल, म्हणजे साडेपंधरा चौरस किलोमीटर जागा लागत होती. तेवढ्याच जागेत पायलिएटेडच्या ३६ जोड्या राहू शकत, आणि रेड-बेलीड या मध्यम आकाराच्या सुताराच्या १२६. एका जोडीला पडणारं क्षेत्र काढलं तर रेड-बेलीडला साधारण १२ हेक्टर, पायलिएटेडला ४३ हेक्टर आणि आयव्हरीबिलला १,५५० हेक्टर.

हा भागाकार पुढेही नेता येतो. ८१,००० एकर म्हणजे सुमारे १२७ चौरस मैल. ट्रॅक्टचा इंच न् इंच उत्तम प्रतीचा होता असं धरलं तरी त्यात २१ जोड्या मावल्या असत्या. तसा तो नव्हता, आणि तेवढ्या जोड्याही नव्हत्या. देशातल्या सर्वांत चांगल्या जंगलाची कमाल मर्यादा जिथे २१ जोड्या, तिथे त्याचा निम्मा भाग तुटला तर उरतं काय, हे टॅनरला दिसत होतं.

मेलेल्या झाडाचं वेळापत्रक

पायलिएटेड काही आयव्हरीबिलच्या छत्तीसपट काटक नाही. मग ३६ आणि १ हे प्रमाण आलं कुठून? याचं उत्तर झाड मेल्यानंतरच्या दिवसांत आहे.

मोठा स्वीटगम विजेने, पुराने किंवा वयाने मेला की पहिली दोन-तीन वर्षं त्याची साल घट्ट चिकटलेली असते. या काळात लांब मिशांचे आणि चकचकीत रत्नासारखे भुंगेरे सालीत अंडी घालतात. त्यांच्या अळ्या साल आणि आतलं ओलं लाकूड यांच्या सांध्यात बोगदे करून राहतात. अळी जाड, चरबीदार, पण घट्ट सालीखाली बंद. आयव्हरीबिलची रुंद चोच इथे पटाशीसारखी चालायची: बाजूने तिरपा घाव, साल उचकटायची, हातभर पापुद्रा खाली पाडायचा. ज्या झाडाखाली सालीच्या ताज्या ढलप्या पडल्या आहेत ते झाड बघायचं, ही टॅनरची शोधायची एक रीत होती.

तिसऱ्या-चौथ्या वर्षी साल स्वतःहून सुटू लागते. या अळ्यांचे भुंगेरे होऊन उडून गेलेले असतात किंवा पुढच्या पिढीला ते लाकूड नकोसं झालेलं असतं. आयव्हरीबिलच्या दृष्टीने झाड संपलं. मात्र पायलिएटेडसाठी ते इथून पुढे सुरू होतं. बुरशीने लाकूड मऊ होतं, आत सुतारमुंग्या घर करतात, वाळवी येते. पायलिएटेड लांबट चौकोनी खोबणी खोदून मुंग्यांच्या गाभ्यापर्यंत जातो आणि चिकट लांब जीभ आत घालतो. असं एक खोड, मग त्याचा बुडखा, मग आडवं पडलेलं लाकूड त्याला वर्षानुवर्षं पुरतं. शिवाय वरून ठणठणीत पण आतून कुजलेली जिवंत झाडं आहेत, आणि हंगामात रानफळं.

म्हणजे एकाच झाडावर दोघांची पाळी वेगवेगळी होती. आयव्हरीबिलची खिडकी दोन-तीन वर्षांची, तीही मोठ्या घेराच्या झाडाची. अशी खिडकी वर्षभर आपल्या टप्प्यात कुठे ना कुठे उघडी राहायला हवी असेल तर दरवर्षी पुरेशी मोठी झाडं मरत राहिली पाहिजेत. जुन्या जंगलात ती मरतात. तोडीनंतर वाढलेल्या तरुण जंगलात झाडं भरपूर, पण मरण कमी, आणि जे मरतं ते बारीक. हवाई छायाचित्रात दोन्ही जंगलं सारखीच हिरवी दिसतात. ‘वनाच्छादन’ या एका आकड्यावर संवर्धनाचा हिशेब मांडणाऱ्यांना आयव्हरीबिलचं उदाहरण म्हणूनच अडचणीचं जातं.

आग किंवा वादळाने एका पट्ट्यात एकदम पुष्कळ झाडं मेली की आयव्हरीबिल तिथे गोळा होत आणि दोन-तीन वर्षांनी पांगत. यात एक फसगत आहे. अशा ठिकाणी गेलेल्या माणसाला पक्षी ‘भरपूर’ दिसतात, आणि ते आजूबाजूच्या किती मोठ्या प्रदेशातून आलेले आहेत हे कळत नाही.

टॅनरच्या शिफारशी या यंत्रणेला धरून होत्या. काही भाग पूर्ण राखीव ठेवा. बाकी ठिकाणी तोड करायची तर मरणपंथाची झाडं सोडा, आणि अन्न कमी पडत असेल तर निवडक झाडांची साल बुंध्याशी गोल काढून ती उभी मारा. वनखात्याच्या नेहमीच्या चालीच्या हे बरोबर उलट होतं, कारण वाळलेलं, किडलेलं झाड आधी हलवणं म्हणजेच चांगलं व्यवस्थापन असा समज तेव्हा होता. आपल्याकडेही तो पूर्ण गेलेला नाही.

तोड

१९३० च्या दशकाच्या अखेरीस तोडीचे हक्क शिकागो मिल अँड लंबर कंपनीकडे होते. दुसऱ्या महायुद्धाने लाकडाची मागणी वाढवली, मजूर कमी पडले तेव्हा जर्मन युद्धकैदी कामाला लावले गेले. ऑडुबॉन सोसायटी या पक्षीसंरक्षण संस्थेने जंगल वाचवायची खटपट केली. चार राज्यांच्या गव्हर्नरांनी पाठिंबा दिला, लुइझियानाच्या गव्हर्नरने जमीन घेण्यासाठी दोन लाख डॉलरची तयारी दाखवली. डिसेंबर १९४३ मध्ये शिकागोत बैठक झाली आणि कंपनीने सरळ नकार दिला. त्या वेळच्या कायद्यात खासगी जमिनीवरची तोड थांबवायला आधार नव्हता. पक्षी मारायला १९१८ च्या कायद्याने बंदी होती, पण त्याचं जंगल तोडायला नव्हती.

त्या हिवाळ्यात तिथे एकच मादी उरलेली आढळली. एप्रिल १९४४ मध्ये चित्रकार डॉन एकलबेरी तिच्या मुक्कामाच्या झाडाखाली संध्याकाळी बसून तिची रेखाटनं करत होता. ती काळ्या तुऱ्याची मादी रोज अंधार पडताना त्याच ढोलीत परत यायची. ही बाब लक्षात ठेवण्यासारखी आहे, पुढे तिचा उपयोग आहे.

पायलिएटेडलाही हे सगळं सोसावं लागलं होतं. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत पूर्व अमेरिकेची जंगलं साफ झाली तेव्हा तोही खूप कमी झाला होता. पण विसाव्या शतकात सोडून दिलेल्या शेतजमिनींवर पुन्हा झाडी वाढली, त्यात कुजके बुडखे आणि मुंग्या आल्या, आणि त्यामागे पायलिएटेडही आला. आज तो शहरांच्या कडेच्या झाडीत घरटी करतो आणि विजेचे लाकडी खांब पोखरून वीजकंपन्यांना वैताग आणतो.

कुऱ्हाड की बंदूक

टॅनरचं अन्नाचं स्पष्टीकरण सर्वांना मान्य नाही. नोएल स्नायडर या पक्षीतज्ज्ञाने २००७ मध्ये मांडलं की आयव्हरीबिल इतका हट्टी खवैय्या नव्हता. त्याला मुख्यतः माणसाने मारून संपवलं. या म्हणण्याला पुरावा आहे. या पक्ष्याच्या चोचीला युरोपीय लोक येण्याआधीपासून किंमत होती. मार्क केट्सबी या निसर्ग-अभ्यासकाने १७३१ च्या सुमारास लिहून ठेवलं आहे की उत्तरेकडचे मूलनिवासी एका चोचीसाठी हरणाची दोन-तीन कातडी मोजत. पुढे संग्राहकांची पाळी आली. जगभरच्या संग्रहालयांत आज ४०० हून अधिक आयव्हरीबिल पेंढा भरून ठेवलेले आहेत, आणि त्यांतले बहुतेक १८८० ते १९१० या काळातले. पक्षी दुर्मीळ होतोय म्हटल्यावर भाव चढला आणि शिकार वाढली. १९२४ मध्ये फ्लोरिडात अॅलन यांनी एक जोडी शोधली, आणि काही दिवसांतच दोन पेंढाकारांनी ती रीतसर परवाना काढून मारली.

दोन्ही कारणं वेगळी तोलण्यात फारसा अर्थ नाही असं आमचं मत आहे. लाकूडतोडीच्या रेल्वेफाट्यांनीच बंदूक दलदलीच्या आत नेली. पायलिएटेडही खाण्यासाठी मारला जायचाच. पण ज्या जागेत ३६ जोड्या आहेत तिथून दोन-चार पक्षी गेले तर शेजारची पिल्लं येऊन जागा भरतात. जिथे एकच जोडी आहे तिथे एक गोळी पुरते. म्हणजे बंदुकीचा परिणाम किती व्हायचा हे विरळ वस्तीने ठरवलं, आणि वस्ती विरळ का होती याचं उत्तर पुन्हा सालीखालच्या अळ्यांपाशी येतं.

चार सेकंद

११ फेब्रुवारी २००४ रोजी अर्कान्सा राज्यातल्या कॅश रिव्हर अभयारण्यात, बायू डी व्ह्यू नावाच्या ओढ्यावर, कयाकमधून फिरणाऱ्या जीन स्पार्लिंगला एक मोठा सुतार दिसला. २७ फेब्रुवारीला टिम गॅलाघर आणि बॉबी हॅरिसन या दोघांनी त्याच भागात आयव्हरीबिल पाहिल्याचं सांगितलं. २५ एप्रिलला डेव्हिड ल्यूनोच्या होडीत बसवलेल्या व्हिडिओ कॅमेऱ्यात खोडामागून उडून जाणारा एक पक्षी टिपला गेला: सुमारे चार सेकंद, लांबवर आणि फोकसबाहेर. वर्षभर हे गुप्त ठेवून २८ एप्रिल २००५ रोजी जाहीर केलं, ‘सायन्स’ नियतकालिकातल्या लेखासकट. सरकारने सुमारे एक कोटी डॉलरची तरतूद सांगितली. जवळच्या ब्रिंकली गावात न्हाव्याने आयव्हरीबिलसारखा केशकट काढला, तोही पैसे घेऊन.

लेखाचा मुख्य आधार व्हिडिओतलं पांढरं होतं: पंखाच्या वरच्या बाजूला मागची कडा पांढरी आहे. मार्च २००६ मध्ये डेव्हिड सिब्ली आणि सहकाऱ्यांनी त्याच नियतकालिकात उत्तर दिलं: हे पांढरं वरचं नाही, पळणाऱ्या पायलिएटेडच्या पंखांचं खालचं अस्तर आहे. दूर जाणारा पक्षी पंख उचलतो तेव्हा खालची बाजू मागून दिसते, आणि फोकसबाहेरच्या चित्रात पांढरा भाग पसरून काळी कडा गिळून टाकतो. दुसरा आधार पंखांच्या वेगाचा होता. व्हिडिओतला पक्षी सेकंदाला ८.६ वेळा पंख मारतो, पायलिएटेड इतके जलद मारत नाही, असं म्हणणं होतं. २००७ मध्ये मार्टिन कॉलिन्सन यांनी घाबरून उडणाऱ्या पायलिएटेडचे व्हिडिओ मोजले, आणि सुरुवातीच्या काही क्षणांत तोही याच वेगाने पंख मारतो असं निघालं. आधीची तुलना निवांत उडणाऱ्या पायलिएटेडशी झाली होती. अशा कामात नेहमी होणारी चूक ही: संशयित पक्षी भेदरलेला आणि तुलनेचा पक्षी आरामात.

आवाजाच्या बाजूनेही तेच झालं. जंगलात स्वयंचलित ध्वनिमुद्रक लावले, हजारो तासांचं मुद्रण संगणकाने चाळलं. दुहेरी ठोके मिळाले. पण दूरच्या बंदुकीचे बार, फांद्यांची आपटाआपट, एवढंच काय, थव्याने उडताना गॅडवॉल बदकांचे पंख एकमेकांवर आपटतात तो आवाजही तसाच निघतो. पिपाणीसारखी हाक ब्लू जे नावाचा पक्षी हुबेहूब काढतो. पायलिएटेडसुद्धा कधी कधी सलग ताशा न वाजवता तुटक ठोके मारतो. उचकटलेली साल आणि मोठ्या ढोल्या हा पुरावाही याच कारणाने लंगडा: पायलिएटेड या दोन्ही गोष्टी करतो, फक्त कमी प्रमाणात.

पुराव्याचं वजन ठरवताना आमच्या मते सर्वांत जड प्रश्न ढोलीचा आहे. सुतार पक्षी मुक्कामाच्या ढोलीला संध्याकाळी परततो. सिंगर ट्रॅक्टमध्ये टॅनरला, अॅलनला, एकलबेरीला पक्षी एकदा दिसल्यावर पुन्हा पुन्हा दिसले, कारण त्यांना घरटं किंवा मुक्कामाचं झाड सापडलं होतं. १९४४ नंतरच्या एकाही दाव्यातून असं झाड निघालेलं नाही की जिथे दुसऱ्या दिवशी दहा माणसांना नेऊन पक्षी दाखवता येईल. माहितीसाठी ५०,००० डॉलरचं बक्षीस लावूनही नाही. संग्रहालयातल्या नमुन्यांच्या तारखांवरून २०१२ मध्ये काढलेल्या एका सांख्यिकी अंदाजात २०११ पर्यंत हा पक्षी टिकून असण्याची शक्यता दहा हजारांत एकाहूनही कमी आली.

दुसरी बाजूही मांडायला हवी. मे २०२३ मध्ये स्टीव्हन लाटा आणि सहकाऱ्यांनी लुइझियानातल्या दहा वर्षांच्या कामाचा लेख छापला, त्यात झाडांवर बांधलेल्या कॅमेऱ्यांची आणि ड्रोनची चित्रं होती. काही चित्रांत बसलेल्या पक्ष्याच्या कमरेवर पांढरं दिसतं, आणि ही खूण योग्य जागची आहे. पण चित्रं इतक्या थोड्या ठिपक्यांची आहेत की पाहणारे दोन तट जिथे होते तिथेच राहिले. शतकभर गोळ्या खाल्लेला पक्षी माणसाला टाळायला शिकला असेल, हा त्यांचा मुद्दा अशक्य नाही. पण तो सिद्ध करायला पुन्हा पक्षीच सापडावा लागतो.

कागदावरचा दर्जा

अमेरिकेच्या संकटग्रस्त जातींच्या यादीत आयव्हरीबिल ११ मार्च १९६७ पासून आहे. म्हणजे शेवटच्या मान्य दर्शनानंतर तेवीस वर्षांनी त्याला संरक्षण मिळालं. आययूसीएनने १९९४ मध्ये त्याला नामशेष ठरवलं आणि नंतर तो शेरा मागे घेऊन ‘अतिसंकटग्रस्त’ केलं. क्यूबातला आयव्हरीबिल हे यामागचं एक कारण: त्या बेटाच्या पूर्वेकडच्या डोंगरांत १९८६-८७ मध्ये तो थोडक्यात दिसला होता. त्यानंतर तिथेही नाही.

सप्टेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसने, म्हणजे ही यादी सांभाळणाऱ्या सरकारी खात्याने, २३ जाती नामशेष म्हणून यादीतून काढायचा प्रस्ताव मांडला, त्यात आयव्हरीबिल होता. हरकती इतक्या आल्या की जुलै २०२२ मध्ये मुदत सहा महिन्यांनी वाढवली. ऑक्टोबर २०२३ मध्ये २१ जाती काढल्या गेल्या. आयव्हरीबिलचा निर्णय राखून ठेवला.

या दिरंगाईला नुसतं सरकारी ढिलेपण म्हणता येत नाही. जात जिवंत असताना मेली असं समजून हात काढून घेतला आणि त्यामुळेच ती मेली, या चुकीला संवर्धनवाले ‘रोमिओची चूक’ म्हणतात. उलट बाजूची चूकही खरी आहे: नसलेल्या पक्ष्यावर पैसा आणि माणसं खर्ची पडतात आणि असलेले पक्षी मागे राहतात. कोणती चूक महाग, हे ठिकाणावर अवलंबून आहे. आयव्हरीबिलसाठी राखलेल्या दलदलीत अस्वलं, बदकं, कासवं आणि पायलिएटेड राहतात, त्यामुळे तिथे गेलेला पैसा अगदीच वाया गेला असं म्हणवत नाही. ज्या मोहिमा फक्त कॅमेऱ्यांवर आणि विमान-तिकिटांवर झाल्या त्यांच्याबद्दल तसं म्हणता येणार नाही.

सिंगर ट्रॅक्टची बरीच जमीन सोयाबीनखाली गेली. उरलेल्या-वाढलेल्या जंगलावर १९८० मध्ये टेन्सास रिव्हर अभयारण्य झालं. तिथे पायलिएटेड आहेत.

त्यांचा दर्जा ‘किमान चिंता’ असला तरी सीमेपलीकडे, कॅनडात, २०२२ च्या स्थलांतरी पक्षी नियमांनी त्यांच्या ढोलीला वेगळं संरक्षण दिलं आहे, कारण ती पुढे घुबडं, वुड डक, उडत्या खारी वापरतात आणि एवढी मोठी ढोली कोरणारा दुसरा पक्षी तिथे जवळपास नाही. ढोलीचं झाड तोडायचं असेल तर ती रिकामी असल्याची नोंद सरकारकडे करायची आणि त्या दिवसापासून ३६ महिने थांबायचं. त्या मुदतीत कोणताही स्थलांतरी पक्षी तिथे राहायला आला तर झाडाला हात लावता येत नाही.